बंदरात राहिलेली माणसं

दीवच्या जुन्या वस्तीतल्या एका बोळात संध्याकाळी एक माणूस कुलपाला तेल घालत होता. साधं लोखंडी कुलूप, मुठीएवढं. एका हातात प्लास्टिकची छोटी बाटली, दुसऱ्या हातात चिंधी. तेलाचे दोन-तीन थेंब भोकात सोडायचे, किल्ली आत घालून थोडी फिरवायची, बाहेर काढून पुसायची, पुन्हा घालायची. दार मात्र देखणं होतं. निळा रंग उडालेला, चौकटीवर कोरलेली वेल, वर कमानीत रंगीत काचा, त्यातल्या दोन फुटून तिथं पत्रा ठोकलेला. कुलूप उघडून तो आत गेला, उंबरा झाडला, कोनाड्यात दिवा लावला, हात जोडले आणि बाहेर येऊन पुन्हा कुलूप घातलं. दोनदा ओढून पाहिलं. माझी आई बोळाच्या तोंडाशी थांबून हे सगळं बघत होती. तिला राहवलं नाही. पुढे होऊन तिनं आपल्या नागपुरी हिंदीत विचारलं, "भैया, यहाँ कौन रहता है?" तो म्हणाला, "कोई नहीं, माजी. सब लेस्टर." लेस्टर म्हणजे इंग्लंडातलं. आई म्हणाली, "तो दिया किसके लिए?" त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की हा काय विचारायचा प्रश्न झाला का. म्हणाला, "घर के लिए." आणि पुढच्या दाराकडे निघाला. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगाच होता.

त्या रात्री आईला झोप आली नाही. मला कारण ठाऊक होतं. नागपुरात महालात मामाचा वाडा तसाच कुलूपबंद पडला आहे. मामा गेला, मामी मुलाकडे पुण्याला, दुसरा मुलगा अमेरिकेत. वाड्याचं काय करायचं यावर दरवर्षी दिवाळीत फोनवर बोलणं होतं आणि दरवर्षी अर्ध्यावर राहतं. आई त्या वाड्यात जन्मली. रामनवमीची शोभायात्रा बघायला अजूनही ती त्या गल्लीवरून जाते, पण दाराकडे बघत नाही. मी विषय काढला नाही. खिडकीतून खाडीचा ओला, मासळीचा वास येत होता आणि पलीकडे घोघल्याचे दिवे दिसत होते.

दीवला जायचं ठरलं तेव्हा ऑफिसात एकानं विचारलंच होतं, "दीवला कशाला जाऊन राहिल्या मॅडम? तिथं दारूशिवाय काय आहे?" त्याचा दोष नाही. आपल्याकडे वर्धा दारूबंद, आणि त्या रस्त्यावर जिल्ह्याची हद्द संपली की लगेच काय काय सुरू होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. दीवची तशीच ओळख गुजरातेत झाली आहे आणि ती आपल्यापर्यंतही पोचली आहे. शनिवार-रविवारी पुलावरून गाड्यांची रीघ लागते, बाटल्यांच्या पाट्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना चमकतात. पण 40 चौरस किलोमीटरही नसलेल्या या बेटासाठी तुर्कस्तानपासून लिस्बनपर्यंतच्या दरबारांनी आरमारं पाठवली, आणि आज त्याची ओळख एवढीच उरावी, हे मला खरंच टोचतं.

आम्ही पोरबंदरच्या गाडीनं राजकोटला उतरलो, तिथून वेरावळ आणि मग बस. नागपूरच्या माणसाला समुद्र ही नेहमी रात्रभराच्या प्रवासानंतर भेटणारी गोष्ट असते, त्यामुळे तो कुठून पहिल्यांदा दिसतो ते आपण जपून ठेवतो. मला तो उन्याच्या पुढे, पुलावरून दिसला. मोठा निळा समुद्र नव्हे, मातकट खाडी, तिच्यात डुलणाऱ्या होड्या आणि मधोमध पाण्यातून वर आलेला पानीकोठा, म्हणजे छोटा दगडी जलदुर्ग. लांबून बघितला तर जहाज उभं आहे असंच वाटतं. आई म्हणाली, "हे कोणी बांधलं असेल भर पाण्यात?" मी पोर्तुगीजांचं नाव सांगितलं. पण आपण पुस्तकं वाचतो तेव्हा हे विसरतो, की या बेटाचं बंदर पोर्तुगीजांच्या आधीच नावारूपाला आलं होतं आणि ते आणणारा माणूस मलिक अयाझ. गुलाम म्हणून विकला गेलेला, सुलतान महमूद बेगड्याच्या चाकरीत चढत चढत दीवचा सुभेदार झालेला. त्यानं तटबंदी केली, खाडीच्या तोंडाशी बुरूज उभारला, शत्रूची जहाजं आत येऊ नयेत म्हणून साखळी टाकायची सोय केली. 3 फेब्रुवारी 1509 ला फ्रान्सिस्को द आल्मेदानं इजिप्तच्या मामलुकांचं, कालिकतचं आणि दीवचं एकत्र आरमार याच पाण्यात बुडवलं, त्याला हिंदी महासागराच्या इतिहासातलं वळण म्हणतात. अयाझनं मात्र त्यानंतरही आपलं बंदर हातचं जाऊ दिलं नाही. तो असेपर्यंत पोर्तुगीजांना दीव मिळालं नाही.

किल्ला सकाळी लवकर बघावा. ऊन चढलं की तो दगड तापतो आणि बुरुजावर उभं राहवत नाही. तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूला खडक फोडून केलेला खंदक, त्यात भरतीचं पाणी येतं. तोफा गंजून लालसर झाल्या आहेत, काहींवर अजून पोर्तुगीज राजचिन्ह बोटांना लागतं. 1535 मध्ये हुमायूनच्या धाकानं सुलतान बहादूरशाहानं पोर्तुगीजांना इथं किल्ला बांधू दिला, आणि 1537 मध्ये त्यांच्याच गलबतावरून परतताना तो या समोरच्या पाण्यात मारला गेला. पुढच्याच वर्षी तुर्कांचा वेढा, मग 1546 चा दुसरा वेढा. तो फुटल्यावर किल्ला नव्यानं बांधायला पैसे नव्हते, तेव्हा गव्हर्नर जुवांव द कास्त्रोनं गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. वेढ्यात मेलेल्या आपल्या मुलाची हाडं तारण ठेवायचा त्याचा आधी विचार होता, ते जमलं नाही. ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात. मला ती ऐकताना त्या मुलाचंच वाईट वाटत राहिलं. आईलाही. ती तटावर बसून म्हणाली, "बापानं पोराचं थडगं उकरायचं मनात आणलं म्हणजे काय झालं असेल त्याचं!"

किल्ल्याचा दगड कुठून आला ते बघायचं तर झांपा दरवाज्याच्या बाहेर नायडाच्या गुंफांत जावं. दगड काढता काढता खाली झालेल्या या पोकळ्या. वरच्या भोकांतून उन्हाचे खांब आत उतरतात, भिंतींना झाडांची मुळं लोंबलेली, आणि दगडावर छिन्नीच्या समांतर रेघा अजून ताज्या वाटाव्यात इतक्या स्पष्ट. लोक तिथं फोटो काढतात, छानच येतात. मी एका रेघेवर बोट ठेवून शेवटपर्यंत नेलं. हातभर लांबीची, एका ठिकाणी घसरून तिरपी झालेली. तिथं पाथरवटाचा हात निसटला होता.

किल्ला बांधणाऱ्याचं नाव दरवाज्यावर आहे, दगड काढणाऱ्याचं नाही.

बंदर म्हटलं की आपल्याला आलेली जहाजंच आठवतात. कोण आला, कोणी जिंकलं, कोणी लुटलं. पण ही सगळी जहाजं इथं आली कशासाठी? कापडासाठी. गुजरातचं सुती कापड अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खपत होतं आणि दीव हा त्या मालाचा नाका होता. तोफा होत्या त्या नाक्यावरची जकात सुटू नये म्हणून. दीवचे वाणी व्यापारी मोझांबिकला कापड पाठवत, तिथून हस्तिदंत येई. माणसंही येत, गुलाम म्हणून. दीवमध्ये आणि गीरच्या काठावरच्या जांबूर गावात आजही सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, राहतात. बाजारात एक सिद्दी बाई वाळवलेली मासळी विकत होती, अस्सल काठेवाडी गुजरातीत गिऱ्हाइकांशी भांडत होती. किल्ल्यातल्या माहितीफलकांवर वेढ्यांच्या तारखा आहेत, पण विणकरांबद्दल, खलाशांबद्दल, तिच्या पूर्वजांबद्दल मला एक ओळ दिसली नाही. ती असायला हवी. ती नसेल तर किल्ला कशाची राखण करत होता तेच कळत नाही.

पानीकोठ्याला फेरी मारून आणणारा बोटवाला खारवा होता, दर्यावर्दी जमातीतला, साठीच्या पुढचा. आईनं त्याला "दादा, तुमचं गाव इथलंच का" म्हणून विचारलं आणि त्यानं इंजिन मंद केलं. त्याचा आजा वहाणावर तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख होता. कापूस, कवलं, खजूर असा माल घेऊन एडन, मोंबासा, मोझांबिक. वाऱ्यावर जायचं आणि वाऱ्यावर यायचं, मोसम चुकला तर वर्ष तिकडेच. आजी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन वहाण रवाना करायची आणि वैशाखात रोज धक्क्यावर जाऊन बसायची. दीवचे वांझा जातीचे विणकर, गवंडी, सुतारही असेच पोर्तुगीजांच्या आफ्रिकेत गेले, काही तिथून लिस्बनला गेले. 19 डिसेंबर 1961 ला दीव मुक्त झालं. त्याआधी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं, त्यामुळे आता घरटी कोणीतरी पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडात. बोटवाल्याचे दोन्ही मुलगे तिकडेच गोदामात काम करतात. त्यालाही बोलावतात. "मी जाऊन काय करू? तिथं खाडी आहे का?" असं म्हणून तो हसला नाही, सरळ पुढे बघत राहिला. मग त्यानं पानीकोठ्याच्या तळाशी चिकटलेले कालव दाखवले, आणि ओहोटीला दगड किती खालपर्यंत उघडा पडतो ते हातानं मोजून दाखवलं.

चक्रतीर्थाच्या टेकडीवर 'खुकरी'चं स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली युद्धनौका आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्यानं बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आणि समोर नुसता समुद्र. तिथं आई बराच वेळ नावं वाचत होती. एकेक नाव ओठांत म्हणत. ओळखीचं आडनाव आलं की थांबायची. मी तिला घाई केली नाही.

तिथून मन फार जड झालं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही बेट सोडून आत गेलो, उन्याकडच्या साणाच्या डोंगरावर. रूपेण नदी, कोरडा टापू, बोरीची झुडपं, आणि टेकडीभर कोरलेल्या साठेक गुंफा. अजिंठा-वेरूळ मनात ठेवून गेलात तर निराश व्हाल. चित्र नाही, मूर्ती नाही, खांबावर कमळसुद्धा नाही. साध्या खोल्या, बसायला ओटे, पावसाचं पाणी साठवायची टाकी. मला मात्र हा साधेपणा फार आवडला. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यापुरतं एका जागी राहायचं आणि पाऊस सरला की चालू लागायचं, अशी रीत होती. म्हणजे ही जाणाऱ्यांचीच घरं. तरी टाक्यांत पाणी उतरावं म्हणून खडकात पन्हाळी किती काळजीनं खोदल्या आहेत! आपण पुढच्या वर्षी इथं असू की नसू, पाणी मात्र साठलं पाहिजे. आई दमून एका ओट्यावर बसली. गार लागतंय म्हणाली आणि पाय वर घेतले. बरोबर आणलेली संत्री सोलून खाल्ली. नागपूरची संत्री दोन दिवसांत थोडी सुकली होती, पण वास तोच.

परतीच्या वाटेवर सोमनाथ. दीवपासून 80-85 किलोमीटर. मोठ्या देवळाबद्दल मी काय सांगणार, सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मला ओढ होती ती रस्त्यापलीकडच्या छोट्या देवळाची, अहिल्याबाई होळकरांनी 1783 मध्ये बांधलेल्या. मूळ जागी मोडतोड होती तेव्हा त्यांनी शेजारी हे देऊळ उभारलं आणि शिवलिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात ठेवलं. पायऱ्या उतरून गेलं की बाहेरचा गोंगाट एकदम कमी होतो. महेश्वरात बसलेल्या एका बाईनं इतक्या दूरच्या पश्चिम टोकाला पूजा चालू राहील एवढी तजवीज केली, आणि ती मोठ्या देवळाच्या आधी दीडशेहून जास्त वर्षं चालू राहिली. आईनं तिथं आमच्या कुलदैवताचं नाव घेऊन नमस्कार केला.

पण त्या गावात मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो एक शिलालेख. वेरावळच्या हर्षद मातेच्या देवळात सापडलेला, 1264 सालचा. इराणी आखातातल्या होरमुझचा एक नाखवा, म्हणजे जहाजमालक, नूरुद्दीन फिरोज, सोमनाथ पाटणात मशीद बांधतो. जमीन त्याला इथल्याच माणसांकडून मिळते, गावची बडी मंडळी साक्षीला असतात, त्यांत शैव मठाचे आचार्यही. राज्य अर्जुनदेव वाघेल्याचं. लेख संस्कृतात आहे, त्याचाच अरबी लेख वेगळा आहे. आणि त्यावरची तारीख चार कालगणनांत दिली आहे : हिजरी 662, विक्रम संवत 1320, वलभी 945, सिंह संवत 151. म्हणजे धक्क्यावर उतरलेला कोणीही आपल्या हिशेबानं वर्ष वाचू शकेल. पुढे मशिदीच्या खर्चाची व्यवस्था सांगितली आहे. दिव्याचं तेल, पाणी, बांग देणारा, नाखव्यांचे सणवार. आणि त्यातून उरलेले पैसे मक्का-मदिनेला पाठवावेत. हे कोणी बघायचं? नाखव्यांची जमात, तेलाचे घाणेवाले, चुना करणारे. सोमनाथचं नाव घेतलं की आपण एकच इतिहास आठवतो, आणि तो खोटा नाही. प्रभास पाटणच्या संग्रहालयात तुटलेल्या हातांच्या मूर्ती ओळीनं उभ्या आहेत, त्या बघवत नाहीत. पण त्याच गावाच्या मातीत हा लेखही आहे, आणि तोही तितकाच खरा. दोन्ही एकाच वेळी मनात धरणं मला अवघड गेलं. अजूनही जातं.

नाखवा तर जाणारच होता. तेल घालणारे घाणेवाले राहणार होते. त्यानं आपली मशीद त्यांच्या हवाली केली.

नागपूरला आल्यावर मी माहूरझरीला गेले. काटोल रोडनं गेलं की जवळच. तिथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांच्या कड्यांनी वेढलेल्या प्राचीन दफनांत, पुरातत्त्वज्ञ शं. भा. देवांनी 1970 ते 72 मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केलं, घोड्यांचे तांब्याचे दागिने निघाले. आणि मणी. कार्नेलियनचे, अकीकाचे, पूर्ण झालेले आणि अर्धवट सोडलेले. आपण म्हणतो नागपूर समुद्रापासून लांब, आपला आणि बंदराचा काय संबंध. पण मणी गावोगाव फिरतात आणि मणी करणारा भट्टीपाशी, सहाणेपाशी राहतो. दीवचा विणकर मागापाशी राहिला तसाच. मला वाटतं, बंदराचा इतिहास या मागे राहिलेल्यांकडून वाचायला पाहिजे. कप्तानांची नावं पुस्तकात आहेतच.

आईनं परवा पुण्याला मामीला फोन केला. वाडा विकायचा की नाही ते तुम्ही ठरवा म्हणाली, पण तोवर किल्ली माझ्याकडे द्या. मामी रडली, मग दोघी एकमेकींवर थोड्या चिडल्याही. छप्पर गळतं, विजेचं मीटर काढून नेलंय, शेजारच्यांनी मागच्या बाजूला पत्रे टाकलेत. एवढं सगळं पहिल्यांदाच नीट बोललं गेलं. काय होईल ते होईल.

ऑफिसातला तो सहकारी मात्र सारखं विचारत होता, काय पाहिलं, काय पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. तो शेवटी म्हणाला, "पुढल्या हिवाळ्यात बायकोला घेऊन जातो बा. पोरं तर बेंगलोरलाच राहतात." मग मी त्याला कागदावर लिहून दिलं : किल्ला सकाळी नऊच्या आत. नायडाला दुपारी बारानंतर, ऊन वरून पडतं तेव्हा. साणाला पाणी बरोबर न्यायचं. वेरावळला एक रात्र काढायची, नुसतं दर्शन घेऊन पळायचं नाही. आणि पानीकोठ्याच्या बोटीत बसलात की बोटवाल्याला त्याच्या आज्याबद्दल विचारा, तो इंजिन मंद करेल, तेव्हा घड्याळ बघू नका.